कुलूपबंद

प्रशिक्षणात साहेब म्हणाले होते, एक चूल म्हणजे एक कुटुंब.
फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी काढलेला कुकर
पुसायचा राहिला होता.

मग नकाशा मिळाला, हाताने काढलेला.
ओढा, मारुती, आमची शाळा, उत्तरेकडे बाण
आणि एकशे एकोणीस चौकोन.
जिल्हा सांगली, तालुका कडेगाव, ग्रामीण,
मौजे हिंगणमाळ.

निळ्या खडूने दारांना नंबर देत निघाले.
पहिल्याच आळीत नऊ बंगले, सात कुलपं.
ग्रॅनाइटच्या पायऱ्या, स्टीलचे कठडे,
एकाचं नाव 'मदुराई कृपा'.
ही माणसं सोनं गाळतात.
सेलम, त्रिचूर, गुवाहाटी, कुठल्याशा बोळात
भट्टीसमोर बसून तेजाबाचा धूर गिळतात
आणि गावाकडे टाइल्स पाठवतात.
जत्रेला येतात, चार दिवस.
जत्रा चैत्रात. मी फाल्गुनात मोजत होते.

सोबत दस्तगीर मुलाणी.
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्रेचाळीस किल्ल्या,
ज्याच्या त्याच्या रंगाचा दोरा.
"निम्म्या घरांचं पाणी आज सोडायचं, निम्म्यांचं परवा.
नळ वापरला न्हाई की आवळून बसतो, बाई."
आत जाऊन ते पंखे फिरवतात,
जाळी काढतात, फ्रीजचं दार उघडं आहे ना बघतात.
एका हॉलमध्ये टीव्हीला टॉवेल गुंडाळलेला,
न्हाऊन आलेल्या बाईसारखा.

जन्म कुठला, मी विचारलं.
"दक्षिण सातारा जिल्हा."
माझ्या यादीत असा जिल्हाच नाही.
"शाळा शिकलो सांगली जिल्ह्यात.
लग्न केलं खानापूर तालुक्यात.
आता पगार घ्यायला कडेगावला जातो, निराधारचा."
म्हणजे किती ठिकाणी राहिलात?
त्यांनी फरशीवर टाच आपटली.
"हितंच."

यापूर्वीचं वास्तव्याचं ठिकाण, असा रकाना होता.
मी 'लागू नाही' लिहिलं
आणि उगाच वाटलं, आपण खोटं लिहितोय.

संध्याकाळी पारावर बेरीज केली.
घरं एकशे एकोणीस, कुलूपबंद एक्कावन्न.
(आठ किल्ल्या भावकीच्या दाव्यात अडकल्यात.)
माणसं दोनशे सहा.
ही बेरीज तहसीलला जाणार, तहसीलची सांगलीला,
तिथे कुपवाडच्या एखाद्या चाळीतच
एवढी माणसं निघतील.

दस्तगीरचाचा वाकून कागद बघत होते, चष्मा नसताना.
"मदुराईवाल्याच्या घरात कुटुंबप्रमुख कोण लिवला?"
कुणी नाही, चाचा. घर बंद आहे.
"आन् त्यांच्या डाळिंबाला पाणी कोण घालतं,
त्ये कुठं लिवायचं?"
पेनचं टोपण मी लावलं होतं.
ते परत काढलं, परत लावलं.

विश्रामबागला पोचायला साडेनऊ झाले.
लिफ्ट बंद. तिसरा मजला.
आमच्या दारावर कुणाच्या तरी नेटक्या अक्षरात
एक नंबर, आणि पुढे: कु. बं.
आवटीवहिनी जाळीतून म्हणाल्या,
"दोनदा येऊन गेली गं. तुझ्यासारखीच, शाळेतली.
मी सांगितलं, बाई माणसं मोजायला गेल्यात."

जिन्यातला दिवा गेलेला.
किल्ली शोधत पर्समध्ये हात फिरवला,
तर बोटांना लागला
झिजून नखाएवढा झालेला निळा खडू.