मोकळा दिवस

नगरपालिकेची बाई आली, बूट दारात काढले,
मोज्यांना चिकटलेला बर्फ फरशीवर विरघळला.
फॉर्ममध्ये प्रश्न होता : दिवसाचे किती तास
तुम्ही भावाचं बघता?
मी लिहिलं, तो झोपलेला असतो तेव्हाही.
ती म्हणाली, हिल्का, इथे आकडा लागतो.

आकडाच हवा तर घ्या.
रात्रीत तीनदा कूस बदलणं.
एका गोळीला अकरा मिनिटं,
एका बुटाला चार.
राइमो अकॉर्डियन दुरुस्त करायचा,
नखाएवढ्या पितळी पट्ट्या
नुसत्या कानानं ओळखायचा.
आता चमचा त्याच्या हातात थडथडतो
आणि बशी एकच सूर धरून बसते.

शेवटचा रकाना : तुम्हाला काय हवंय?
त्याला नव्हे, तुम्हाला.
शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं
मीच विचारत आले पोरांना, डाव हातात धरून,
अजून वाढू का?
उलटा प्रश्न आला आणि पेन अडलं.
लिहिलं, काही नाही.
मग ते खोडलं.
मग लिहिलं, बर्फ उपसायला कुणीतरी.

बर्फासाठी कुणी आलं नाही.
महिन्यातून एक दिवस मिळाला.

बसमध्ये बसले तर हात रिकामे,
कुठे ठेवावेत कळेना.
तळ्यावर बर्फात भोक पाडून
एक माणूस गळ टाकून बसलेला,
त्याला कुणी हाक मारत नव्हतं.
गावात जाऊन लोकर बघितली, घेतली नाही.
दोनदा फोन केला घरी.
सांतेरी म्हणाला, ठीक आहे सगळं.
पोरगा तेवीस वर्षांचा. त्याला ठीक म्हणजे काय ठाऊक?

शेवटी पोहण्याच्या तलावावर गेले,
पोहायला नव्हे, सॉनात, ऊब घ्यायला.
वरच्या फळीवर एक बाई, माझ्याच वयाची,
अंगावर घामाखेरीज काही नाही, माझ्याही.
माझ्या दंडावरच्या चार निळ्या बोटांकडे बघून
तिनं विचारलं,
तुझं कोण?

भाऊ, म्हटलं. तुझं?
नवरा. आता मला आई म्हणतो.
तिनं तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं,
वाफेत थोडा वेळ दोघीही दिसेनाशा झालो.
मग म्हणाली, गाडीच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी पसर,
बसवलं की घसरत वळतात, ओढावं लागत नाही.
गोळी लिंगनबेरीच्या मुरंब्यात दे.
आणि कधीकधी, ती म्हणाली,
मी लाकडाच्या खोपटात जाऊन उभी राहते.
तो हाका मारत असतो.
मारू देते.

मी म्हटलं, माझं तळघर आहे.
बटाट्यांच्या पेटीवर बसते.

दहा वर्षांत डॉक्टर, नर्स, चर्चची माणसं,
सगळे म्हणाले, स्वतःला जप गं बाई.
पेटीबद्दल मी कुणाला बोलले नव्हते.
लेम्पी नाव तिचं. बसच्या तिकिटामागे
तिनं नंबर लिहिला, ओल्या बोटांनी,
शेवटचा आकडा एक आहे की सात, लागत नाही.

घरी परतले तेव्हा तीनच वाजले होते आणि अंधार.
कप भलत्याच फडताळात.
सांतेरीनं अंगणातला बर्फ मात्र उपसला होता,
न सांगता, दारापासून रस्त्यापर्यंत.
मी त्याच्यावर कपांवरून उखडले,
मग चार दालचिनीचे पाव बांधून दिले.

राइमोनं श्वास ओढला.
बर्चचा... वास... येतोय तुला.
हो, म्हटलं, गरम ठिकाणी होते.
बरं... केलंस. जीभ जड, पण डोळ्यांत काहीतरी
जुनं, चावट.

पिशवी शोधली, दुकानाची, पिवळी.
उद्या दवाखान्याला जाताना तुझ्याखाली घालणार आहे,
म्हणजे वळायला सोपं, असं त्याला सांगितलं.
तो बराच वेळ जुळवाजुळव करत राहिला,
ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.
मी... काय... बटाटे आहे?

मी हसले. तोही, आणि मग ठसका लागला त्याला.
पाठ चोळत बसले, किती वेळ,
घड्याळ बघितलं नाही.
पहाटे दुसऱ्यांदा कूस बदलताना
एक लावून बघावा की सात, ठरत नव्हतं.