इतर सूचना

संघटनेनं मला एकवीस शाळा दिल्या,
उमदीपासून संखपर्यंत,
आणि दोनशे फॉर्म, पाठपोट छापलेले.
पेट्रोलचं बघू म्हणाले.

प्रश्न अकरा.
पहिला सोपा: नेमणुकीची तारीख.
तिथंच माणसं दोन ढिगांत पडतात.
दोन हजार पाचच्या ऑक्टोबरपर्यंतची इकडं,
नोव्हेंबरपासूनची तिकडं.
महानंदा कोष्टी आणि दस्तगीर मुल्ला
एकाच वर्गात डी.एड. शिकले,
एकाच यादीत पास झाले.
बाईंची ऑर्डर दिवाळीआधी पोचली.
मुल्लासरांच्या ऑर्डरवर सही करणारे साहेब
लेकीच्या लग्नाला गेले होते.
'त्या लग्नाचा आहेर मी अजून भरतोय,'
मुल्लासर म्हणतात,
'जेवायला पण बोलावलं नव्हतं.'

चौथा प्रश्न: दरमहा किती टक्के कपात परवडेल?
इथं लोक वर बघतात, पत्र्याकडं.
एकानं दहा लिहिलं, खोडून सात,
सात खोडून परत दहा.
'आणि सरकारचे चौदा खरंच पडतात का हो?'
मी म्हणालो, प्रश्न मी विचारायचेत.

सहावा: कपातीच्या पावत्या मिळाल्या का?
बिराजदारसरांनी कपाट उघडून फाईल काढली.
तीन वर्षांच्या पावत्या आहेत,
मधली चार वर्षं नाहीत,
पुढं पुन्हा दोन.
साताचा पाढा म्हणताना पोरगं अडखळावं
आणि बेचाळीस गिळून
थेट त्रेसष्टावर जावं, तसं.
पोराला आपण परत पहिल्यापासून म्हणायला लावतो.

कन्नड शाळेतल्या तिघांनी
आठव्या प्रश्नापुढं 'गोत्तिल्ल' लिहिलं.
जुनी, नवी, का सुधारित?
खाली 'माहीत नाही' चा चौकोन होता,
तो त्यांनी मोकळा सोडला.
विचारलं तर म्हणाले,
चौकोनात मावत नाही, सर.

तोडकर हेडमास्तर मेअखेर सुटणार.
ते जुन्यातले, त्यांना फॉर्म नाही.
तरी ते खिडकीशी उभे राहिले,
आम्ही लिहीत असताना.
पेन्शनवाल्या माणसाला हल्ली
स्टाफरूममध्ये चहासुद्धा
आवाज न करता प्यावा लागतो.

शेवटची शाळा संखच्या पलीकडं, वस्तीवरची.
दोन शिक्षक, दोघंही मतदार यादीच्या कामाला गेलेले.
पोरं पंगतीला बसलेली.
खिचडी वाढणाऱ्या बाई हात पुसत आल्या.
'कशाचं लिहिताय?'
'पेन्शनचं.'
त्या व्हनमानेसरांच्या बायको, हे मला नंतर कळलं.
सर याच शाळेवर होते.
'एक मला द्या की.'
फॉर्म शिक्षकांसाठी आहे,
हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.
मी फॉर्म दिला. पेनही माझंच.

नवव्या प्रश्नावर,
मयत झाल्यास कुटुंबास काय मिळावे,
त्या बराच वेळ थांबल्या.
मागं कुणीतरी 'भात, भात' ओरडलं.
उठून वाढून आल्या,
आणि तो प्रश्न सोडून पुढं गेल्या.

रात्री लॅपटॉपवर सगळं चढवत बसलो.
बायको म्हणाली, तुमचा भरला का?
माझा राहिलाय.
एकशे शहाऐंशी फॉर्म रकान्यांत नीट बसले.
बाईंचा बसेना.
नेमणुकीची तारीख: त्यांनी लिहिलीय
चौदा ऑगस्ट दोन हजार अठरा.
पाटीवर वाचलेलं आठवलं,
शाळेतल्या कपाटाच्या दारावर,
कै. अंबादास व्हनमाने यांच्या स्मरणार्थ,
खाली तीच तारीख.

पान उलटलं.
इतर सूचना, चार ओळींची जागा,
जी बाकी सगळ्यांनी
'जुनी पेन्शन मिळालीच पाहिजे' म्हणून भरली होती.
बाईंनी लिहिलंय:
पाण्याच्या टाकीला झाकण बसवा.
कावळे घाण करतात. पोरं तेच पितात.

एकूण १८६ टाइप केलं होतं.
खोडून १८७ केलं.
झाकणाचं केंद्रप्रमुखांना फोनवर सांगितलंय.
ते म्हणाले, लेखी द्या.