सिंकमधला आवाज

आमच्या स्वयंपाकघरातलं सिंक बोलायचं.
खोटं नाही सांगत. मनोरे इतके जवळ होते
की नळाला, पत्र्याला, ओल्या चमच्यालासुद्धा
कुठल्यातरी परक्या भाषेतल्या बातम्या फुटायच्या
रात्रीची जेवणं झाल्यावर.
आई भांडी घासता घासता हाक मारायची,
"एल्फेज, तुझं ऑफिस घरी आलंय."
बाबा खांद्यावर टॉवेल टाकून
छाती तपासणाऱ्या डॉक्टरसारखे सिंकवर वाकायचे,
"आवाज फाटतोय जरा," म्हणायचे,
आणि स्टेशनला फोन लावायचे.

तेहतीस वर्षं. फंडीच्या आखाताकाठची खारी दलदल,
जिथे भरतीचं पाणी तांबडा चिखल ढवळत आत घुसतं
आणि खापरपणज्यांनी घातलेले मातीचे बांध
अजून त्याला थोपवून धरतात.
शेजारी गवत कापायचे, गंज्या रचायचे.
बाबा तारांवरून घानाला, पेरूला, उत्तरेच्या बर्फातल्या वस्त्यांना
माणसांचे आवाज पाठवायचे.
स्वतः मात्र मॉन्क्टनच्या पुढे गेले असतील चारदा,
त्यातलं एकदा दात काढायला.

एका संध्याकाळी आम्हाला कुंपणापाशी नेलं.
मी, मिरेई आणि धाकटा रोशे.
प्रत्येकाच्या हातात एक जुनी ट्यूबलाइट,
ना वायर, ना बटण.
ती उजळली.
रोशे रडायलाच लागला.
"अरे, काही नाही," बाबा म्हणाले, "हवेत माणसं बोलतायत."

ताप, कर्ज, छपरावरचा बर्फ,
यातल्या कशालाही ते भ्यायचे नाहीत.
प्रसारणात तीन सेकंद शांतता पडली
की मात्र गाढ झोपेतून ताडकन उठायचे,
बूट घालेपर्यंत गाडीची किल्ली हातात.
माझ्या लग्नात पाद्री चष्मा शोधायला थांबले
तेव्हा बाबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.
फोटो आहे.

आणि ते जानेवारीतलं वादळ.
पाऊस पडता पडता गोठत होता,
मनोऱ्यांचे ताण मांडीएवढे जाड झाले होते,
रस्ते बंद, टेलिफोनच्या तारा जमिनीवर.
बाबा तीन दिवस डिझेलच्या जनरेटरजवळ अडकलेले.
गावाची वीज गेली तरी सिंक बोलत होतं.
दुसऱ्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात
ते गप्प झालं. पुन्हा बोललं.
पुन्हा गप्प झालं. पुन्हा बोललं.
साबणात बुडालेले आईचे हात थांबले.
मग ती हसली, इतकी हसली की डोळे पुसावे लागले,
आणि आम्हाला म्हणाली, "चला, झोपा आता."

पुढे आईचे हात कापायला लागले
तेव्हा बाबांनी तिचे केस धुवायला शिकून घेतलं,
पाण्यात कोपर घालून गरम-गार बघायचे,
डागकाम करतानाची जीभ ओठात धरलेली.
बटाट्याच्या गोळ्यांची तिची रेसिपी त्यांना कधी जमली नाही.
आम्ही करपलेले खाल्ले. आईनेही खाल्ले.

मनोरे पाडले तेव्हा ते गाडीत बसून होते,
थर्मास मांडीवर.
शेवटचा मनोरा दलदलीकडे कलला, पडला,
आणि बगळे उडाले.
"ताण बरोबर ठिकाणी कापला," एवढंच बोलले.
त्या रात्री भांडी आम्ही मुकाट्याने घासली.

मार्चमध्ये, त्यांच्या अंत्यविधीला,
चर्चचा माइक गुणगुणू लागला.
आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.
कुणीतरी उठायला हवं होतं.
रोशे उठला, पन्नाशीचा, टाय सावरत,
वेदीमागे गुडघ्यांवर बसून
एक वायर खेचली, दुसरी घट्ट केली.

तळघरात नटबोल्टांच्या डब्याखाली
एक नोंदवही सापडली, त्या जानेवारीची.
तापमान, दाब, डिझेल किती लिटर उरलं,
सगळं त्यांच्या सरळ, टोकदार अक्षरात.
आणि एका ओळीत:
"२१.४०. प्रक्षेपण खंडित, दोनदा, एकेक सेकंद.
कारण: घर."
खाली सही. सहीवर कॉफीचा डाग.