शेऱ्याचा रकाना

टायरच्या दुकानावरची खोली. अकरा टेबलं, अकरा हेडफोन.
खाली रबर जळाल्याचा वास, वर आमचे आवाज.
लिहिलंय तसंच वाचते मी, स्वल्पविरामासकट:
काउंटीतले रस्ते आणि बससेवा यांसाठी
विक्रीकर अर्ध्या सेंटने वाढवावा का?
नक्की हो, बहुधा हो, बहुधा नाही, नक्की नाही.
'माहीत नाही' हे वाचायचं नसतं.
ते समोरच्याने आपणहून म्हणायचं असतं.

आवाजात कल नको, असं पहिल्याच दिवशी बजावलंय.
'हो' आलं तर गोडवा नको, 'नाही' आलं तर उसासा नको.
घरीही आता मी असंच विचारते: भात की ब्रेड?
मुलगा म्हणतो, आई, तुला काय हवंय ते तरी सांग.

लूथर हेगस्ट्रॉम, बदामाच्या बागा, वय पासष्टच्या पुढे:
"मागच्या करालाही मीच 'हो' म्हटलं होतं, बाई.
माझ्या फाटकासमोरचा खड्डा तिथेच आहे.
नातवंडांनी त्याचं बारसंसुद्धा केलं."
नाव काय ठेवलं, ते विचारायचं नसतं.
नक्की नाही.

माय येर लोर, वृद्धाश्रमात रात्रपाळी.
सतरा नंबरची बस साडेसहालाच संपते,
पुढचे दोन मैल कालव्याच्या कडेने पायी.
"म्हणजे माझ्या बससाठी मीच भरायचं ना?
साबणावर, डायपरवर, पोराच्या बुटांवर?"
पलीकडे मायक्रोवेव्ह तीनदा वाजला, कुणी उघडला नाही.
"बहुधा हो," म्हणाली,
जड पिशवी या हातातून त्या हातात घ्यावी तशी.

मग दुसरं पान. समर्थक म्हणतात अमुक,
विरोधक म्हणतात तमुक,
आणि हे सगळं ऐकल्यावर, पुन्हा तोच प्रश्न.
अर्मेलिंडा आव्हिला, चौऱ्याऐंशी पूर्ण,
गोठा विकला, गाडीचा परवाना गेला,
दुसऱ्यांदा विचारलं तशी बिचकली:
"मघाशी चुकलं का माझं?
तुला कोणतं हवंय, पोरी? ते लिही."
मला काही नकोय, म्हणाले मी.
"असं कसं," ती म्हणाली, "काही नको असलेलं माणूस
जेवणाच्या वेळेला फोन करतं होय?"

शेऱ्याच्या रकान्यात साठ अक्षरं मावतात.
पुढचं यंत्र घेत नाही.
'खड्ड्याचं बारसं के' एवढ्यावर कधीतरी तुटतं,
कारण आधी मी तारीख टाकते, सवयीने.

सोमवारी प्रिसिला टेव्ह्जने फळ्यावर मांडलं:
चौसष्ट टक्के. हवेत दोन तृतीयांश.
चूक भूल देणे घेणे, चार इकडे, चार तिकडे.
ती त्या दोन आकड्यांमधल्या फटीत खडू फिरवत राहिली.
मला त्या फटीतून कालवा दिसत होता,
आणि कडेने चालणारं कुणीतरी,
जिला मी फक्त आवाजाने ओळखते.
मी स्वतः नदीपलीकडची, दुसऱ्या काउंटीतली.
माझं मत इथे धरत नाहीत.

शेवटचा फोन, नऊला चार मिनिटं कमी.
ऑर्व्हल पेनर. बसला नाही, पुलाला नाही,
सायकलवाल्यांना तर नाहीच नाही,
दुसऱ्यांदा विचारलं तरी नाही.
वेळ दिल्याबद्दल आभार, हे वाक्य वाचत होते
तेवढ्यात त्यानेच विचारलं:
"उशीर झालाय. घरी कशी जाणार तू?"

पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.
सतरा नंबर कधीच गेलेली,
मुलाच्या गाडीचा क्लच सकाळीच बसलेला.
"माहीत नाही," म्हणाले मी,
कुणी वाचून न दाखवता, आपणहून.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "तरी माझं नाहीच लिही,"
पण फोन त्यानेही लगेच ठेवला नाही.