तिसरा हात

जमिनीवर पाणी मारलंय, धूळ बसावी म्हणून.
नदीकडचं पत्र्याचं दार बंद, फटीत पोतं.
तरी जलपर्णीचा वास आत येतोच,
थिनरच्या वासाला खांदा लावून उभा राहतो.

होडी दोन घोड्यांवर उलटी.
रंगनाथ परदेशी म्हणाले, "चौघांची आहे."
मी टेप काढली. माणसांत लाकूड मोजायची मला सवय नाही.
बेचाळीस फूट. रुंदीला जेमतेम हातभर.
एवढ्या चिंचोळ्या जागेत चौघं बसतात कुठं
हे मी विचारलं नाही.

आम्ही नाना पेठेतले. दारं, पलंग, देव्हारे,
फार तर एखाद्या वकिलाच्या ऑफिसातलं पार्टिशन.
जे केलं ते ठेवल्या जागी राहिलं.
मला पोहता येत नाही.

वॉर्निश ढवळतो, काठी वर धरतो.
एकतारी पाकाहून पातळ हवं.
थेंब तुटून पडावेत, त्यांचा दोरा होता कामा नये.
सकाळी करायचं नाही, नदीचा दमटपणा असतो,
वॉर्निश दुधाळतं.
दुपारी अडीचला कॉम्प्रेसर सुरू केला.
तो धापा टाकतो, भरतो, एकदम गप्प होतो,
आणि तेव्हा संगमाच्या पुलावरचे हॉर्न ऐकू येतात.

वीतभर अंतर.
मनगट वळवायचं नाही, अख्खं अंग चालवायचं.
वळवलंस की मध्ये जाड आणि कडा उपाशी.
चाप हवेत दाबायचा, लाकूड येण्याआधी,
आणि लाकूड संपल्यावर हवेतच सोडायचा.
टोकापासून टोकापर्यंत बावीस पावलं,
परत येताना निम्म्या पट्ट्यावर निम्मा पट्टा.
देवदार आधी काळवंडतो,
मग आतून कोणीतरी दिवा लावल्यासारखा
मधाळ होत जातो.

अब्बा बंदुकीला फवारा म्हणायचे. डास मारायचा.
त्यांचं काम चपडीचं,
जुन्या मलमलीची पुरचुंडी, आठ-आठ दिवस एक टेबल,
टेबलाची खालची बाजूसुद्धा.
कोण बघणार, म्हटलं की म्हणायचे,
टेबल बघतं.
घासून घासून त्यांच्या बोटांच्या रेषा गेल्या.
रेशनच्या दुकानात मशीन त्यांचा अंगठा ओळखेना.
"पुन्हा लावा चाचा. पुन्हा लावा."
मागं रांग.
शेवटी मी माझा लावला.

आणि गंमत अशी की याला आम्ही अजून हातच म्हणतो.
पहिला हात, चारशे नंबरचा कागद, पुसणं, दुसरा हात.
खरं तर हात लाकडाला लागतच नाही.
लागला तर काम बिघडलं.

तिसऱ्याला एक चिलट बसलं, ओल्यावर, मधोमध.
सुईनं उचललं. एक पाय राहिला.
बॅटरी धरून मी तो पाय शोधतोय, आणि रंगनाथ
उलट्या बादलीवर बसून तंबाखू मळतायत.
"अहो मुनाफभाई, ही बाजू पाण्यात जाणार.
वरचेवर बघतील त्या चिलापी.
त्यांना काय कळतंय पॉलिशमधलं?"
मी पाय काढला.
मग त्यांनीच उठून बॅटरी धरली,
आणि म्हणाले, तिकडं डावीकडं, ओघळ आलाय बघा.
आला होता. मोतीबिंदू झालेल्या माणसाला दिसला
आणि मला नाही.

संध्याकाळ. मास्क उतरवला, नाकाभोवती वळ.
सुकलंय का ते पाहायला अंगठा टेकवतात,
कोणाच्या नजरेला येणार नाही अशा जागी.
मी पार मागं गेलो, सुकाणूच्या खाचेजवळ.
टेकवला.
अजून ओलं होतं.
अंगठा उचलला तेव्हा लाकडावर
सगळ्या रेषा, भोवऱ्यासकट, एक न् एक.

कागद खिशात होता, घासून टाकायला.
दोन मिनिटांचं काम.

रंगनाथांनी पाहिलं. होडीकडं, मग माझ्याकडं.
तंबाखूची चिमूट गालात सारली.
"वहीत सही लागेल तुमची," म्हणाले.
"पण सावकाश. आधी हात सुकू दे."