माहितीचा स्रोत

फॉर्म बेंगळुरूहून आलेला, कानडीतला.
मी निपाणीची, तंबाखूच्या वखारीमागं वाढलेली,
कानडी वाचते, पण ओठ हलवत.

कणकुंबीच्या पुढं डांबर संपतं.
तिथून पाऊण तास चाललं की गवळीवाडा:
चौदा उंबरे, आणि रेंज येणारा एकच दगड.
त्या दगडावरून भागू झोरे
जांबोटीच्या दवाखान्याला फोन लावते.
तिथूनच मला म्हणाली,
"लिहून नेतीस, मग झाड कागदात उगवंल काय?"

कुडा, मी लिहिलं.
"मास्तर कोडसिगे म्हणत्यात,
घाटाखालचे कुडो.
साल काढताना मात्र कायबी म्हणायचं नसतंय.
गप जायचं. एका अंगाची, पंजाएवढीच.
जखमेला शेण लावून यायचं
आणि पुढं दोन वर्सं त्या झाडाकडं बघायचंच न्हाई.
बघितलं की हात जातोय."

प्रमाणाच्या रकान्यात मी 'पंजा' लिहिलं.
कुणाचा, ते विचारायचं राहिलं.

वानर मेलं ते पौषात.
हिरड्याखाली, पडल्यासारखं नाही,
बसल्यासारखं.
पोरं काठी घेऊन निघाली होती.
भागूनं लांबूनच पाहिलं,
जुन्या लुगड्याची किनार फाडली
आणि वाटेवर, करवंदीच्या दोन जाळ्यांमध्ये बांधली.
समजावलं कुणालाच नाही.
महिनाभर त्या रानात पाचोळ्याला कुणी गेलं नाही.
म्हशी पलीकडच्या उतारावर हिंडल्या,
सरपण सरलं तेव्हा एका चुलीवर तीन घरांचा भात शिजला,
त्यावरून दोन भांडणं झाली,
एक अजून मिटलेलं नाही.

नर्सबाई आली, मंजुळा हिरेमठ,
अंगाला लावायचं तेल घेऊन.
भागूनं लावून घेतलं, हुंगलं,
"आमच्या करंजापरास बरं हाय" म्हणाली,
आणि तिला वाटेवरची किनार दाखवली.
मंजुळानं ती सोडली नाही.
शेजारी आपली छापील पाटी टांगली.
वाड्यावर कानडी वाचणारा एकच, आठवीतला,
तोही त्या दिवसांत खानापूरला, मामाकडं.

पुण्याहून रिपोर्ट यायला तेवीस दिवस लागले.

हे सगळं मी मार्चमध्ये ऐकलं,
गोठ्यात, कंदिलापाशी.
ती म्हशीच्या कानामागून गोचीड वेचत होती,
एकेक निखाऱ्यावर टाकत होती.
फट्. बारीक आवाज.
"मोज की," म्हणाली.
मी एकोणतीसपर्यंत मोजले, मग चुकले.

"तुला कसं कळलं, वानराचं?"

"मी नवी आलतो तवा," ती म्हणाली
(इथल्या बायका आलो-गेलोच म्हणतात),
"दोन वानरं मेलती. दीर पुराय गेला.
पंधराव्या दिवशी आमी त्याला पुरलो.
सासू म्हणाली, देवाचं माकड, देवाला नेऊ दे,
तू हात लावू नको.
मला देवाचं कळत न्हाई.
हात लावू नको, तेवढं कळलं."

फॉर्मवर शेवटचा रकाना उरला होता:
माहितीचा स्रोत.
मी पेन उघडून तिचं नाव लिहायला लागले.
"माझं कशाला," भागू म्हणाली.
"बाळू लिही. बाळू झोरे."
कानडी लिपीत 'झ' लिहायला मला दोनदा खोडावं लागलं.
ती वाकून बघत होती,
जशी काही ती अक्षरं वाचता येत होती.

सकाळी परत निघाले.
किनार तिथंच होती,
हिरवी असेल किंवा निळी, आता सांगता येत नव्हतं.
पाटी खाली पडलेली.
सरळ वाटेनं डांबर दहा मिनिटांवर.
मी पाटी उचलून जाळीवर अडकवली
आणि उताराकडून वळसा घेतला.