पाचर

तातो म्हणाले, "दारका, आत बस. वजन हवं."
मार्चमधला हँगर, बाहेर उणे बावीस,
मी जाड कोटासकट पायलटच्या सीटवर,
हात मांडीवर. मुलगी वगैरे नाही,
सत्तर किलोची गव्हाची गोणी.

दोन्ही चाकांखाली पत्र्याच्या जोड्या,
मध्ये वंगण, पावावर लोणी थापावं तसं,
म्हणजे विमानाचे पाय हवे तितके फाकतील,
जमीन त्यांना धरून ठेवणार नाही.
पोटाखाली ओळंबा सोडला, एक शेपटीपाशी.
खडूची दोरी ताणून टिचकी मारली.
फरशीवर निळी रेघ.
सस्कॅचवानमधली एवढी सरळ गोष्ट
रेल्वेनंतर हीच.

सप्टेंबरात मी गावाच्या नव्या डांबरावर उतरले होते.
पुढची चाकं टेकली, मग शेपटीचं,
आणि नाकानं समोरचं सगळं झाकलं.
ह्या जातीत नाकासमोर चालायचं असतं
आणि नाकासमोर काहीच दिसत नसतं.
डावीकडे जराशी ओढ.
उजवा पाय दाबला, तोवर उशीर झाला होता,
जड शेपटीला पुढे यायची घाई असतेच.
एक गरका.
उजव्या पंखाचं टोक घासत गेलं,
आणि मी जिथून आले होते तिकडे तोंड करून उभी,
इंजिन अजून चालू.

को-ऑपमध्ये लॉर्न पेत्रीशिन म्हणाला, "पोरीचे पाय."
चारपाच टोप्या हलल्या.
तातो काही बोलले नाहीत.
पंखाच्या टोकाचा भाव तेवढा विचारून आले.

आता गुडघ्यावर बसून
ब्रेकच्या तबकडीला गुण्या लावतात.
"डावं. बाहेर, पाव सूत."
बरोबर. शहाणं विमान किंचित फेंगडं चालतं,
वळताना भार ज्या चाकावर जातो
ते चाक मग वळणाला विरोध करतं.
"उजवं."
बराच वेळ फक्त हीटरचा आवाज.
विमान ढकलून मागे नेलं, पुढे आणलं, परत मापलं.
चष्मा पुसून परत.
"आत," म्हणाले. "सूतभर."

चार बोल्ट. आतून पाचर निघाली,
एक कड जाड, दुसरी नखासारखी,
तिच्यावर पेन्सिलीनं, त्यांच्याच अक्षरात
बाण, आणि शब्द: पुढे.
बाण शेपटीकडे बघत होता,
अकरा वर्षं.

अकरा वर्षं ते आमच्या गवतावर उतरले.
गवत निसरडं असतं, समजून घेतं.
आणि अकरा वर्षं त्यांचे पाय
ती सूतभर चूक निस्तरत राहिले,
टक टक, उजवा, उजवा,
डोक्याला न कळवता.

पाचर त्यांनी हातात फिरवली.
मी वरून बघत होते, त्यांना ठाऊक होतं.
चिंधीनं पुसली, उलटी बसवली,
बोल्ट आवळले, एकेक, आलटून पालटून.
"उठू नकोस," म्हणाले. "अजून मापायचंय."

एप्रिलात पहिलं उड्डाण त्यांनी घेतलं.
विमान त्यांचं, कोण अडवणार.
कुंपणापाशी मी, लॉर्न, आणि लॉर्नची कुत्री.
डांबरावर टेकले छान, कापूस ठेवावा तसे,
आणि मग सुरू झालं:
उजवीकडे, सावरलं, परत उजवीकडे,
लग्नातून घरी निघाल्यासारखं,
नसलेल्या ओढीला पाय रोखत होते.
पट्टीच्या टोकाशी कसेबसे थांबले.

उतरले. चाकांकडे पाहिलं, मग बुटांकडे.
लॉर्ननं हाक मारली, "ओरेस्ट, काय झालं रे?"
"पाय," तातो म्हणाले. "माझे."
आणि किल्ली माझ्याकडे फेकली.
मला झेलता आली नाही.
वितळत्या बर्फाच्या चिखलात
आम्ही तिघं ती शोधत बसलो,
कुत्री मध्ये मध्ये.